विश्लेषण : मुलांमधील एडीएचडीवर गोळी चांगली की वर्तनोपचार? संशोधन काय सांगते? उत्रोलीसारख्या गावात काय शक्य आहे?

‘एका जागी बसत नाही’, ‘सांगितलेले कानावरून जाते’, ‘वही अर्धी कोरी’ अशा तक्रारी शाळेतून येऊ लागल्या की घरात सहसा दोनच मते असतात. एक म्हणजे, ‘मोठा झाला की सुधारेल’. दुसरे, ‘डॉक्टरांना दाखवू, पण गोळ्या नकोत’. एडीएचडी या विकारावर औषध अधिक उपयोगी की औषधाविना उपचार, यावर जगभरात मोठे अभ्यास झाले आहेत. त्यांचे उत्तर ‘हे किंवा ते’ इतके सरळ नाही. मुलाचे वय, तक्रारीचे स्वरूप आणि उपचारानंतरचा पाठपुरावा या तीन गोष्टींवर ते ठरते. पुण्यापासून पन्नासेक किलोमीटरवरील भोर शहरालगतच्या उत्रोलीसारख्या गावात तर यातला पाठपुरावाच सर्वांत अवघड आहे.

एडीएचडी म्हणजे नेमके काय?

अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर, म्हणजेच एडीएचडी, हा मेंदूच्या वाढीशी संबंधित विकार आहे. लक्ष न टिकणे, अतिचंचलता आणि विचार न करता कृती करणे ही त्याची मुख्य लक्षणे. सगळीच मुले कधी ना कधी अशी वागतात. त्यामुळे निदानासाठी ठरावीक निकष आहेत. लक्ष न टिकण्याच्या किंवा चंचलतेच्या नऊ लक्षणांपैकी किमान सहा लक्षणे असावी लागतात. ती सहा महिन्यांहून अधिक काळ टिकलेली, वयाच्या बाराव्या वर्षाआधी सुरू झालेली आणि घर व शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसणारी असावीत. शिवाय त्यामुळे मुलाच्या अभ्यासाचे, मैत्रीचे किंवा घरच्या जगण्याचे खरोखर नुकसान होत असले पाहिजे. त्यासाठी कोणतीही रक्तचाचणी किंवा स्कॅन नाही. पालक आणि शिक्षकांनी दिलेली माहिती व डॉक्टरांची तपासणी यांवरच निदान होते.

जगभरातील अभ्यासांचा २००७ मध्ये आढावा घेण्यात आला, तेव्हा हे प्रमाण सुमारे पाच टक्के असल्याचे आढळले. तमिळनाडूतील कोइमतूर येथे प्राथमिक शाळेतील ७७० मुलांच्या पाहणीत ते ११.३२ टक्के निघाले. तपासणीची पद्धत बदलली की आकडा बदलतो. तरी तीस-चाळीस मुलांच्या वर्गात असे एखाद-दुसरे मूल असू शकते, असा साधा हिशेब निघतो. मुलींमध्ये धावपळ कमी आणि हरवल्यासारखे बसणे जास्त दिसते. त्यामुळे त्यांचे निदान अनेकदा राहून जाते.

नुसता दंगेखोरपणा आणि एडीएचडी यांत फरक कसा करायचा?

घाई करून शिक्का मारण्याचा धोकाही खरा आहे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात नऊ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासण्यात आल्या. तिथे शाळाप्रवेशासाठी डिसेंबरअखेरचे वय धरतात. त्यामुळे डिसेंबरमध्ये जन्मलेली मुले वर्गात सर्वांत लहान असतात. जानेवारीत जन्मलेल्यांच्या तुलनेत या मुलांत एडीएचडीचे निदान होण्याची शक्यता मुलग्यांत ३० टक्के आणि मुलींत ७० टक्के अधिक होती. हा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे काही मुलांचा ‘आजार’ हा केवळ वर्गमित्रांपेक्षा अकरा महिन्यांनी लहान असण्याचा परिणाम होता.

याशिवाय कमी ऐकू येणे, अंधुक दिसणे, रक्तक्षय, अपुरी झोप, क्षणभर शुद्ध हरपणारी फिट, अध्ययन अक्षमता किंवा घरातील सततची भांडणे यांमुळेही मूल ‘लक्ष न देणारे’ दिसते. म्हणूनच उपचार ठरवण्याआधी डोळे, कान आणि रक्त तपासणे गरजेचे असते.

औषधे कोणती आणि ती काय करतात?

या औषधांचा इतिहास जुना आहे. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यातील बालरुग्णालयात डॉ. चार्ल्स ब्रॅडली यांनी १९३७ मध्ये बेन्झेड्रिन या उत्तेजक औषधाने काही मुले शांत होऊन अभ्यासाला लागल्याची नोंद केली. पुढे १९४४ मध्ये सिबा या स्विस कंपनीतील रसायनतज्ज्ञ लिआंड्रो पानिझॉन यांनी मिथाइलफेनिडेट तयार केले. आज भारतासह अनेक देशांत हेच मुख्य औषध आहे. मेंदूतील डोपामिन आणि नॉरॲड्रिनॅलिन या रसायनांचे काम ते वाढवते. लक्ष टिकवणारी आणि आवर घालणारी यंत्रणा त्यामुळे अधिक नीट चालते.

साधी गोळी तासाभरात काम सुरू करते आणि तिचा परिणाम सुमारे चार तास टिकतो. हळूहळू सुटणारी गोळी शाळेचा पूर्ण दिवस पुरते. साधारण दहापैकी सात मुलांना उत्तेजक औषधाचा चांगला फायदा होतो. ज्यांना ते चालत नाही, त्यांच्यासाठी ॲटोमॉक्सेटिनसारखे वेगळ्या गटातील औषध असते. त्याचा परिणाम दिसायला मात्र काही आठवडे लागतात.

ही औषधे विकार मुळापासून घालवत नाहीत. ती चष्म्यासारखी आहेत. लावली की दिसते, काढली की पुन्हा अंधुक.

दुष्परिणाम आणि सवय लागण्याची भीती किती खरी?

भूक मंदावणे, झोप उशिरा लागणे, पोट किंवा डोके दुखणे, चिडचिड आणि नाडी व रक्तदाब थोडा वाढणे हे नेहमीचे दुष्परिणाम आहेत. बहुतेक वेळा मात्रा किंवा गोळीची वेळ बदलून ते आटोक्यात येतात. वाढीवरही काही परिणाम होतो. अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात तीन वर्षे नियमित औषध घेतलेल्या मुलांची उंची औषध न घेतलेल्यांपेक्षा सुमारे दोन सेंटिमीटरने कमी भरली. त्यामुळे उंची, वजन, नाडी आणि रक्तदाब यांची ठरावीक अंतराने नोंद ठेवावीच लागते. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार दहा वर्षांपर्यंतच्या मुलाचे वजन दर तीन महिन्यांनी, तर उंची, नाडी व रक्तदाब दर सहा महिन्यांनी मोजायला हवा. औषधाची गरज अजून आहे का, हेही वर्षातून एकदा तपासायचे असते. कुटुंबात कोणाचा तरुणपणी अचानक हृदयविकाराने मृत्यू झाला असेल, तर ते डॉक्टरांना आधीच सांगावे.

डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेल्या औषधामुळे पुढे व्यसनाची शक्यता वाढते, असे आजवरच्या एकत्रित अभ्यासांत दिसलेले नाही. गैरवापराची शक्यता मात्र असते. त्यामुळे भारतात मिथाइलफेनिडेट ‘शेड्यूल एक्स’मध्ये आहे. वेगळा परवाना असलेल्या दुकानातच ते मिळते. चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि त्यातली एक प्रत दुकानदाराला दोन वर्षे जपून ठेवावी लागते. साहजिकच हे औषध गावातल्या मेडिकलमध्ये सहज मिळत नाही.

औषधाविना उपचार म्हणजे काय?

यात सर्वांत भक्कम आधार आहे तो पालक प्रशिक्षणाला आणि वर्गातील वर्तनोपचाराला. नाव ‘पालक प्रशिक्षण’ असले, तरी दोष पालकांचा असा त्याचा अर्थ नाही. अशा मुलाला वाढवायला नेहमीपेक्षा वेगळी कौशल्ये लागतात, एवढेच. एका वेळी एकच आणि छोटी सूचना द्यायची. ‘नीट वाग’ असे न म्हणता ‘दप्तर खुंटीला लाव’ असे सांगायचे. चांगले वागल्यावर तिथल्या तिथे शाबासकी द्यायची. ठरलेल्या कामासाठी टिकली किंवा गुण देऊन त्याबदल्यात छोटे बक्षीस ठेवायचे. चूक झाल्यास आधी सांगितलेला, सौम्य पण न चुकणारा परिणाम करायचा. मारणे पूर्ण टाळायचे. उठणे, जेवण, अभ्यास आणि झोप यांच्या वेळा ठरलेल्या ठेवायच्या.

शाळेत मुलाला पुढच्या बाकावर आणि खिडकी-दारापासून दूर बसवणे, काम लहान तुकड्यांत देणे, मध्ये फळा पुसण्यासारखे हालचालीचे काम सांगणे हे उपाय करतात. दोन-तीन ठरलेल्या गोष्टींची रोजची नोंद घरी पाठवणे हा त्यातला सर्वांत उपयुक्त भाग. याला ‘डेली रिपोर्ट कार्ड’ म्हणतात. त्यासाठी एक वही आणि शिक्षकांची दोन मिनिटे पुरतात.

दोन्हींची थेट तुलना झाली आहे का?

झाली आहे. अमेरिकेतील ‘एमटीए’ या अभ्यासाचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. ७ ते ९ वर्षांच्या ५७९ मुलांचे चार गट केले होते. पहिल्याला काटेकोर औषधोपचार, दुसऱ्याला सखोल वर्तनोपचार, तिसऱ्याला दोन्ही आणि चौथ्याला परिसरातील नेहमीचे उपचार. चौदा महिन्यांनी लक्ष आणि चंचलता या मुख्य लक्षणांवर औषध व दोन्ही उपचार हे गट स्पष्टपणे पुढे होते. मुख्य लक्षणांपुरता ‘दोन्ही’ गटाला फार वेगळा फायदा दिसला नाही. मात्र चिंता, पालक-मुलातील नाते, समवयस्कांशी वागणे अशा बाबतींत तो गट सरस दिसला आणि त्याला औषधाची मात्राही कमी लागली.

या अभ्यासातील एक तपशील मात्र अनेकदा सांगायचा राहतो. चौथ्या गटातील सुमारे दोन तृतीयांश मुलेही औषध घेतच होती. तरी ती मागे राहिली. फरक होता पाठपुराव्यात. अभ्यासातील औषध गटाला डॉक्टर दर महिन्याला अर्धा तास देत, शिक्षकांकडून माहिती घेत आणि मात्रा जुळवत. चौथ्या गटातील मुले वर्षातून साधारण दोनदाच डॉक्टरांना भेटत होती आणि त्यांची मात्राही कमी होती. औषधे साधारण त्याच प्रकारची, पण देखरेख नसल्याने परिणाम कमी.

वर्तनोपचार गटाचा खर्चही लहान नव्हता. पालकांसाठी २७ गटसत्रे आणि ८ वैयक्तिक सत्रे, आठ आठवड्यांचे उन्हाळी शिबिर आणि वर्गात साठ दिवस मदतनीस. ‘औषधाविना’ म्हणजे ‘खर्चाविना’ किंवा ‘कष्टाविना’ असे नाही, हे यातून कळते.

मग तीन वर्षांनी चित्र बदलले ते कसे?

चौदा महिन्यांनंतर ठरवून दिलेले उपचार संपले आणि कुटुंबांनी आपापला मार्ग निवडला. काहींनी औषध सोडले, काहींनी सुरू केले. २००७ मध्ये तीन वर्षांचे निष्कर्ष आले, तेव्हा चारही गटांतील फरक पुसला गेला होता. मुले आधीपेक्षा बरी होती, पण कोणताच गट पुढे नव्हता. औषध काहीच करत नाही, असा याचा अर्थ नाही. सुरुवातीचा फायदा पुढे आपोआप टिकत नाही, एवढे मात्र यातून दिसते.

नंतरच्या संशोधनाने काय भर घातली?

‘लॅन्सेट सायकियाट्री’त २०१८ मध्ये आलेल्या विश्लेषणात १३३ चाचण्या एकत्र तपासण्यात आल्या. परिणाम आणि दुष्परिणाम दोन्ही धरून मुलांसाठी अल्पकाळात मिथाइलफेनिडेट हा पहिला पर्याय ठरला. २०१७ च्या आणखी एका आढाव्यात १९० चाचण्या आणि २६ हजारांहून अधिक मुले होती. त्यात एकट्या वर्तनोपचारापेक्षा उत्तेजक औषधे पुढे होती, तर दोन्ही एकत्र दिल्यास परिणाम आणखी चांगला दिसला. बहुतेक चाचण्यांची गुणवत्ता मात्र मजबूत नव्हती. कॉक्रेन या संस्थेनेही २०१५ मध्ये १८५ चाचण्या तपासून, मिथाइलफेनिडेटचा फायदा दिसतो पण पुराव्याचा दर्जा कमी आहे, असे म्हटले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत हे औषध घालण्याचा प्रस्ताव २०१९ आणि २०२१ मध्ये फेटाळला गेला. दीर्घकालीन पुरावा अपुरा असणे हे त्याचे एक कारण होते.

औषधाविना उपचारांची बाजूही तपासली गेली. २०१३ मधील आढाव्यात असे दिसले की, मुलाला कोणता उपचार मिळतो हे माहीत असलेले पालक मोठी सुधारणा नोंदवतात. ते माहीत नसलेल्या निरीक्षकांना मात्र मुख्य लक्षणांत फारसा फरक दिसत नाही. पुढच्याच वर्षीच्या विश्लेषणात पालक प्रशिक्षणाचा खरा फायदा कुठे आहे ते स्पष्ट झाले. पालकांची हाताळणी सुधारते आणि मुलाचे हट्ट, आक्रमकता, उलट बोलणे कमी होते. म्हणजे गोळी मुख्यतः लक्ष आणि चंचलतेवर काम करते, तर प्रशिक्षण घरातल्या ताणावर. दोघांची कामे वेगळी आहेत.

न्यूरोफीडबॅक, आहार, साखर बंद… यांचा उपयोग होतो का?

डोक्याला सेन्सर लावून पडद्यावरच्या खेळातून लक्ष वाढवण्याचा दावा करणारी न्यूरोफीडबॅक ही पद्धत महागडी आहे. २०२४ मध्ये ३८ चाचण्यांच्या विश्लेषणात, निरीक्षकाला उपचार माहीत नसताना तिचा मुख्य लक्षणांवर अर्थपूर्ण फायदा दिसला नाही. साखरेमुळे मुले चंचल होतात, हा समज १९९५ मधील २३ अभ्यासांच्या विश्लेषणात टिकला नाही. कृत्रिम खाद्यरंगांचा काही मुलांवर थोडा परिणाम होतो. ओमेगा-३ चा फायदा अगदी लहान आहे. खेळ, व्यायाम आणि पुरेशी झोप यांचा फायदा सगळ्याच मुलांना होतो. ते जरूर करावे, पण उपचाराला पर्याय म्हणून नाही.

सुरुवात कशाने करावी?

वय हा पहिला निकष. सहा वर्षांखालील मुलांसाठी आधी पालक प्रशिक्षण, यावर अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१९ च्या सूचना स्पष्ट आहेत. सहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी औषध आणि वर्तनोपचार दोन्ही सुचवले जातात. ‘नाइस’च्या मते पाच वर्षांपुढच्या मुलासाठीही आधी घर-शाळेतील वातावरणात बदल करावेत आणि तरीही ठळक नुकसान होत असेल तर औषध सुरू करावे. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेनेही २०१७ मध्ये याविषयी स्वतंत्र सहमती-पत्र प्रसिद्ध केले आहे. किशोरवयीन मुलाच्या बाबतीत त्याची स्वतःची संमती महत्त्वाची ठरते. पटले नाही, तर तो गोळी गुपचूप टाकून देतो.

क्रमही महत्त्वाचा आहे. ५ ते १२ वर्षांच्या १४६ मुलांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निम्म्या मुलांची सुरुवात पालकांच्या आठ गटसत्रांनी आणि रोजच्या रिपोर्ट कार्डने झाली. उरलेल्यांची सुरुवात कमी मात्रेच्या औषधाने झाली. गरज पडल्यास नंतर मात्रा वाढवायची किंवा दुसरा उपचार जोडायचा, अशी योजना होती. वर्तनोपचाराने सुरुवात केलेल्या मुलांचे वर्गातील नियमभंग कमी राहिले. औषधाने सुरुवात केलेल्या गटात नंतर प्रशिक्षणाला बोलावले, तर पालक फारसे आलेच नाहीत.

याची दुसरी बाजूही आहे. मूल रस्त्यावर बेभान धावते, वर्षे वाया जातात, वर्गात एकटे पडते, अशी अवस्था असताना केवळ भीतीपोटी औषध लांबवणे हेही नुकसानच आहे.

उत्रोलीतील पालकांसाठी वाट कोणती?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथे झाली. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या ज्या तीस आजारांची तपासणी त्यात ठरवली आहे, त्यांत एडीएचडीचा समावेश आहे. फिरते वैद्यकीय पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत वर्षातून एकदा येणे अपेक्षित असते. दृष्टी, श्रवण, तीव्र रक्तक्षय, फिट आणि अध्ययन अक्षमता हेही त्याच यादीत आहेत. म्हणजे एडीएचडीसारखे भासणारे बरेच आजार एकाच तपासणीत पाहता येतात. मात्र पथकापुढे मूल काही मिनिटेच असते आणि तेवढा वेळ शांत बसूही शकते. त्यामुळे वर्गशिक्षकांनी आणि पालकांनी आधीच लेखी नोंद तयार ठेवून ती पथकाला द्यावी.

पुढची पायरी म्हणजे भोरचे उपजिल्हा रुग्णालय आणि तिथून पुण्यात औंधचे जिल्हा रुग्णालय किंवा ससून. अडचण इथे सुरू होते. भोरहून कापूरहोळमार्गे स्वारगेट आणि तिथून पुढे शहर बस, यात एक दिवस जातो आणि रोज बुडतो. दर महिन्याची फेरी भातलावणी-कापणीच्या दिवसांत तर हमखास चुकते. एमटीए अभ्यासातील चौथ्या गटासारखी, गोळी सुरू पण देखरेख नाही, अशी स्थिती इथे सहज होऊ शकते.

त्यामुळे पहिल्या भेटीतच काही गोष्टी ठरवून घ्याव्यात. पुढच्या किती फेऱ्या आवश्यक आहेत, मधल्या काळात फोनवर बोलता येईल का आणि औषध पुण्यातील नेमक्या कोणत्या दुकानात मिळेल, हे डॉक्टरांना विचारावे. वजन, उंची आणि रक्तदाब भोरला मोजून वहीत लिहिता येईल. शिक्षकांची आठवड्याची नोंद त्याच वहीत असावी. ही वही दाखवली की डॉक्टरांना मात्रा ठरवणे सोपे जाते. ‘टेलिमानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिथे मराठीतही बोलता येते. निदानासाठी ती सेवा पुरेशी नाही, पण कुठे जावे आणि घरी काय करावे यासाठी उपयोगी आहे.

पालक प्रशिक्षणातील बऱ्याच गोष्टी पुण्याची तारीख मिळेपर्यंत थांबून करायची गरज नाही. छोटी सूचना, तत्काळ शाबासकी, ठरलेल्या वेळा, पुढचा बाक आणि रोजची नोंदवही यांना चिठ्ठी लागत नाही. निदान एडीएचडीचे नाही निघाले, तरी त्यातून मुलाचे नुकसान होत नाही.

सवलती मिळतात का?

अपंगत्व हक्क कायदा २०१६ मधील २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. मात्र बऱ्याच मुलांत दोन्ही एकत्र आढळतात. मुंबईच्या सायन रुग्णालयातील अध्ययन अक्षमता क्लिनिकमधील संशोधकांनी अशा मुलांकडे २००७ मध्येच लक्ष वेधले होते. म्हणून एडीएचडीचे निदान झालेल्या मुलाचे वाचन, लेखन आणि गणितही स्वतंत्रपणे तपासून घ्यावे. अध्ययन अक्षमतेचे अधिकृत प्रमाणपत्र मिळाल्यास परीक्षेतील सवलतींसाठी अर्ज करता येतो. दहावीचा अर्ज भरायची वेळ येईपर्यंत थांबल्यास धावपळ होते. त्यामुळे ही तपासणी पाचवी-सहावीतच करून घेणे सोयीचे ठरते.